शुभेच्छुक

दहावीच्या गणितात दोनदा गेला भरमा.
बा म्हणाला, मागावर बस.
बसला नऊ दिवस. धोट्याचा आवाज डोक्यात शिरतो म्हणाला,
आणि तिसऱ्या गेटापाशी उभा राहायला लागला.

तिथं कुणीतरी विचारलं, ऊट आयतेनो?
त्या दिवशी घरात कुणी विचारलं नव्हतं.
मीसुद्धा. माझ्या कांड्या भरायच्या राहिल्या होत्या.

पाट्यांच्या भाषेवरून गावात काचा फुटत होत्या तेव्हा
त्या कट्ट्यावर दोन्ही भाषांतल्या शिव्या
एका ताटात जेवत होत्या.

मग फ्लेक्स लागला. अण्णाचा वाढदिवस.
खालच्या ओळीत, अंगठ्याएवढा, भरमा, गॉगल घालून.
आई दोनदा जाऊन बघून आली. वाचता येत नाही तिला,
मला विचारलं, काय लिहिलंय?
शुभेच्छुक, म्हणाले.
चांगलंच की, म्हणाली.

तांदळाच्या डब्यात हात घातला तेव्हा
पातं लागलं मला. कुणाला बोलले नाही.
बोटाला चिंधी बांधून बसले,
तरी पांढऱ्या सुतावर एक ठिपका गेलाच.
शेठनं अठरा रुपये कापले.

आता रविवारी हिंडलग्याला जाते.
जाळीपलीकडून तो अण्णाचं विचारतो, घरी येऊन गेला काय?
मी म्हणते, कामात असंल.

फ्लेक्स आईनं सरपणावर टाकलाय, छपाईची बाजू खाली.
शेजारचा सातेरी काल कोपरा उचलून बघत होता,
वाकून, मान वाकडी करून.
मी ओरडले, जेवलास काय रे?
दचकला. हो म्हणाला.
खोटं बोलला असणार.