तपशील तोच

रावपुऱ्यात टॉवरमागे, मंगळवारी,
(गिऱ्हाईक कमी असतं म्हणून)
मी मफतभाईंच्या दारात उभी राहते.
फॉर्मवर छापलंय : केस कापणे, पुरुष, साधं दुकान.

"किती, मफतभाई?"
"ऐंशीच, बेन. लखो."
मागच्या दिवाळीतही ऐंशी.
वाढ : शून्य.

पण मागच्या दिवाळीत
कापून झाल्यावर मानेच्या खाचेत दोन बोटं फिरायची,
टाळूवर चार थापट्या पडायच्या,
पोराचा बारावीचा निकाल विचारला जायचा.
आता टॉवेल झटकतात. "चालो, बीजा."
भाडं वाढलंय, मधे एक खुर्ची वाढलीय.

ती चार मिनिटं कुठल्या भावाने गेली?
शेऱ्याचा रकाना बोटभर.
मी बसवते त्यात : "मालिश बंद."
ऑफिसात टिपणीससाहेब चष्म्यावरून बघतात,
"दर तोच ना? मग झालं."
आणि बडोद्याचा आकडा दिल्लीला जातो,
चापूनचोपून भांग पाडलेला.

आज खुर्चीत एक म्हातारे होते.
कापून झालं, टॉवेल झटकून झाला,
पैसे मुठीत तयार,
तरी मान खाली घालून बसलेच होते.

मी पेनाला टोपण लावलं नाही.