पंधरा किलो

सकाळी नियाज वजनकाटा पुढ्यात सरकवतो,
जुन्या बाजारातला. त्याची सुरुवातच दोनपासून होते.
उजवा पाय त्यावर, कुबड्या काखेत,
काटा सतरावर आला की थांबायचं.
म्हणजे पंधरा किलो.
एवढाच मी सध्या जमिनीला द्यायचा.
उरलेला सत्तावन्न किलोचा माणूस
कुबड्यांना टांगलेला.

मंगळवारी मगदूम मॅडम येतात स्कूटीवरून.
गुडघ्यावर प्लॅस्टिकचा कोनमापक धरतात.
बासष्ट. मागच्या वेळी अठ्ठावन्न होता.
मांडी घालायला किती लागतात, मी विचारतो.
त्या पिशवीत काहीतरी शोधत राहतात.

चाळीस वर्षं मिरजेत, याच गल्लीत,
या मांडीवर भोपळे धरले.
आता तीच वाळून देठासारखी झालीय.
डॉक्टरांनी फोटो दाखवला होता:
हाडावरची कूर्चा झिजून रुपयाएवढा खड्डा.
तिथं बारीक भोकं पाडली, म्हणाले,
रक्त वर येईल, त्याचंच नवं अस्तर धरेल.
भोकं किती? धंद्याची सवय, विचारलं.
अकरा.
आमच्या सतारीला तरफाही अकराच, म्हणालो.
ते हसले नाहीत.

दुपारी फळीवर कॅरमची पावडर शिंपडून
टाच मागे ओढायची, सोडायची, ओढायची.
कळ जिथं निघते
त्याच्या एक पडदा अलीकडे थांबायचं.
हे मला कोणी शिकवायला नको होतं,
तरी रोज एक पडदा पुढे जातोच.

मग गुडघ्याखाली पंच्याची घडी. दाबा. दहा मोजा.
पाच, सहा, आणि बाहेरच्या खोलीत
कानस हाडाच्या घोडीवर चालते.
जवारीला मी नियाजला कधी हात लावू दिला नव्हता.
सात. जास्त घासतोय.
सात. अरे, तिरकी धर.
सात.
माझे दहा काही होत नाहीत.

काल संध्याकाळी पुन्हा काट्यावर उभा होतो.
धारवाडचं गिऱ्हाईक उद्या येणार.
बाहेर कानस चालली, चालली,
मी ओरडायला तोंड उघडलं
आणि ती थांबली.
माझ्या आधी.
त्यानं तार छेडली.
आवाज उघडला, मधाच्या धारेसारखा,
तुटेना, संपेना.
मी दाराकडे झुकलो, अजून थोडा झुकलो.

खाली पाहिलं तर काटा एकतीसवर.
दोन वजा केले तरी एकोणतीस.
गुडघा गप्प होता.

नियाज दारात उभा, हातात कानस.
कसं झालं, म्हणाला.
मी म्हटलं, मॅडमना सांगू नकोस.