दहावर थांबायचं

सेंतेशच्या माझ्या दवाखान्यात
वेंडेलकाका टोपी काढतच शिरतात
आणि खुर्चीत टेकतात, विहिरीच्या काठावर टेकावं तसे.
चाळीस वर्षं हंगेरीच्या सपाट मैदानाला
त्यांनी भोकं पाडली, गरम पाण्यासाठी.
आता त्यांच्या खालच्या जबड्यात, पुढं, दोन
मला पाडायचीत.

यंत्रानं डोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.
पडद्यावर मी हाड सरकवत गेले,
काप, काप, आणखी एक काप.
बघा, म्हटलं, हनुवटी बाहेरून भरलेली,
पण जिभेच्या बाजूनं आत गेलीय,
पुरानं खाल्लेल्या काठासारखी.
आणि हा मधोमध काळा ठिपका,
अर्ध्या मोहरीएवढा.
इथून धमनी हाडात शिरते.

चष्मा कपाळावर चढवून ते बघत राहिले.
"आम्हाला कुणी असं दाखवलं नाही.
चौऱ्याहत्तर साली बिटाच्या शेतात पाणी लागलं
ते तीन रात्री बंद होईना.
वाळूची पोती टाकली, ओंडके टाकले.
देनेशचा हात भाजला तो भाजलाच."

एटेल्काबाईंचं मी त्यांना सांगितलं नाही.
अकरा वर्षं झाली.
तेव्हा माझ्याकडं तो सपाट फोटो असायचा,
जबडा दाखवणारा, जाडी न दाखवणारा.
बोटांना वाटलं, पुढं हाड आहे.
नव्हतं.
बाहेर रक्त आलंच नाही फारसं.
ते आत साचत गेलं
आणि जीभ वर येऊ लागली,
भिजवलेल्या पिठासारखी, टाळूपर्यंत.
"काही नाही, काही नाही" म्हणू बघणारी ती बाई,
तिच्या जिभेखाली दाबलेली माझी दोन बोटं,
आणि सेगेदपर्यंतचा अँब्युलन्सचा रस्ता.
वाचल्या.
दर नाताळला खसखशीचा रोल पाठवतात.
मला तो कधी संपवता आलेला नाही.

बारा मिलिमीटरचा स्क्रू मी डबीत परत ठेवला.
दहाचा घेतला.
जरा तिरका, ओठाकडं कललेला.

गुरुवारी ड्रिल सुरू केलं.
सहा. आठ.
खिडकीबाहेर कुणीतरी सायकल आपटली.
दहा.
थांबले.

वेंडेलकाकांनी डोळे उघडले,
तोंड तर माझ्या ताब्यात, म्हणून भुवयांनी विचारलं:
लागलं पाणी?

मी मान हलवली.

खुर्चीच्या दांड्यावरचा त्यांचा हात
कुठलासा जुना खटका ओढल्यासारखा मागं गेला
आणि सैल पडला.