लोमीलोमी

हवाई मालिश म्हणाली, तेव्हा मला वाटलं
विमानात करतात, पैसेवाल्यांची.
ऋतिका हसली. बेटं आहेत गं आत्या ती,
चारी बाजूंनी पाणी.
म्हटलं, आपल्या जनता वसाहतीत
एका बाजूनं येतं, तेही दिवसाआड.

बाणेरच्या स्पामध्ये तिची परीक्षा आहे शनिवारी.
सरावाला एक अंग हवं होतं.
माझं दुपारी एक ते चार मोकळं असतं.

खाली सतरंजी, वर जुनं लुगडं, दाराला कडी.
खोबरेल कोमट केलेलं, वाटी घरचीच.
मोबाइलमध्ये तिनं समुद्र लावला.
पुण्याला समुद्र नाही.
पर्वतीच्या पायथ्याचा कालवा आहे,
त्यात लोक निर्माल्य सोडतात आणि फाटक्या गाद्या.

मग तिनं काहीच केलं नाही.
पाठीवर नुसता तळवा ठेवून बसून राहिली.
विसरलीस की काय, म्हटलं.
'थांब, आधी विचारायचं असतं.
हात लावू?'

चाळीस वर्षं मी हात लावत आले.
सहकारनगर, लक्ष्मीनगर, मित्रमंडळ कॉलनी.
बाळंतिणी किती झाल्या देव जाणे,
पोरं त्याहून चार-सहा जास्त, जुळी धरून.
पोर पायांवर आडवं, टाळू भरायची, नाक ओढायचं,
मग आईची कंबर, ओव्या-शेपांची धुरी,
निघताना पैसे आणि कागदात उरलेला डिंकाचा लाडू.
कुणाला विचारलं नाही कधी.
मलाही कुणी नाही.

लाव, म्हटलं. आवाज भलताच निघाला.

बोटं तिनं वापरलीच नाहीत.
मनगटापासून कोपरापर्यंतचा अख्खा हात
खांद्यावरून निघाला तो कमरेला, कमरेवरून टाचेला,
आणि माघारी, मध्ये कुठे न उचलता.
आम्ही रगडतो. कणीक तिंबल्यागत.
हिचं म्हणजे कुणी ओट्यावरून सावकाश
पाणी निपटत चाललंय.

डाव्या फऱ्याखाली थबकली.
'आत्या, इथे काय आहे?'
काय असणार. ओसवालांची जुळी असतील.
केंजळेबाईंची सिझरनंतरची कंबर असेल.
'नाही गं. जुनं आहे हे.'
त्या बेटांवर म्हणे आधी घरातले रुसवे सोडवतात,
माफी मागायची, माफी द्यायची,
मग दुखणं हाताला लागतं.
मी म्हटलं, तू दाब.

सुनंदा झाली, तेव्हा बाराव्या दिवशी मी कामावर.
मित्रमंडळात पाच दिवसांची बाळंतीण,
माझ्या छातीवर पदर करकचून बांधलेला,
तिच्या पोराच्या अंगाला तिळाचं तेल,
आणि माझी शेजारणीकडे, कोरडी.
सुनंदा आता चाकणला पॅकिंगमध्ये असते.
तिची पाठ दुखते, हे मला जावयाकडून कळतं.

यातलं काही बोलले नाही.
सतरंजीचे पट्टे मोजले. निळा, तांबडा, निळा.
नाकाच्या शेंड्यावर काहीतरी आलं, तेल असेल.

ऋतिकानंही विचारलं नाही.
हात तिथेच ठेवून मोठा श्वास सोडला, हाऽऽ असा.
तोही अभ्यासक्रमात आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी सहकारनगरात नवी बाळंतीण,
बँकेतली, डोळ्यांखाली काळं.
तिच्या पाठीपाशी माझा हात अडला.
ताई, लावू का?
ती बघतच राहिली. सासूही दारात आली.
मग मनगट कसं वळलं कोण जाणे,
कोपरापर्यंत सगळा हात टेकला, न उचलता खाली.
दहा मिनिटांत बाई घोरायला लागली.
पोर रडलं. सासू म्हणाली, उठवा तिला.
पोराला पायांवर घेतलं,
म्हटलं, राहू द्या.

रात्री सुनंदाला फोन लावला.
उचलला नाही. शिफ्ट असेल.
वाटीत थोडं तेल उरलंय कालचं,
वाटी धुतली नाही अजून.