पहिली ओळ

वाईत, गंगापुरीतल्या भाड्याच्या खोलीत
मी एका भाषेचा कंपायलर सांभाळते.
भाषेचं नाव खडू. सगळ्यांसाठी खुली.
पगार कुणालाच नाही. आम्ही अकरा जण,
त्यातले चार अजून एकमेकांना भेटलेले नाहीत.

आजवर खडूत वाक्य संपायचं अर्धविरामानं.
ओळ मोडली तरी वाक्य चालूच,
दळण निवडता निवडता बोलणं चालू असतं तसं.
आता ठरलंय, ओळ संपली की वाक्य संपलं.
मागणी नव्या पोरांची. रास्त होती.
रात्री दोनला हरवलेला अर्धविराम
मीही शोधलाय, पुष्कळदा.

नवा पार्सर लिहिला. दोन हजार तीनशे चाचण्या लावल्या.
चाळीस लाल. त्या सोप्या,
लाल असतं ते ओरडतं तरी.
हिरव्यातली एक मात्र चहा घेताना सहज उघडली
आणि चहा तसाच राहिला.

शिराळ्याकडच्या दूधसंस्थेची फाईल,
कुणी बजरंग खवरे, साल दोन हजार अकरा:

        देणे = लिटर * दर
             - कपात;

जुन्या नियमानं कपात वजा होते.
नव्या नियमानं देणं वरच्याच ओळीत पुरं होतं
आणि '- कपात' खाली उरते,
स्टॅंडवर चुकामूक झालेल्या पाहुण्यासारखी.
चूक म्हणावी तर चूक नाही.
कंपायलर तिच्याकडे बघतो, पुढं जातो.
चाचणी एवढंच विचारत होती, फाईल वाचता येते का.
येत होती.
दहा दिवसांचं बिल निघेल, पेंडीचे पैसे कुणाचेच कापले जाणार नाहीत,
गाव दोन दिवस खूश,
तिसऱ्या दिवशी सचिवाची मानगूट.
खवरेंना मेल केला. परत आला.

खाली थिटे राहतात, घरमालक.
एकेचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली.
त्यांना म्हटलं, जुन्या फायलींना सहा महिने मुदत देऊ,
प्रत्येकीनं माथ्यावर लिहायचं, मी जुनी.
त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"नियम बदलले तेव्हा मी उमेदवार होतो.
न बोलले जाणारे अनुस्वार एका फटक्यात गेले.
फोरमननं टिंबाचे खिळे वितळवू दिले नाहीत,
वरच्या घरात ठेवले, कागदात गुंडाळून.
लोक जुनं काही छापायला आणायचे ना,
वडिलांची रोजनिशी वगैरे. वडील गेलेले.
त्यांना काय सांगणार, कपाळावर नियम लिहून या?
चिठ्ठी नव्यानं लावायची हो.
येणारा सांगेल आपण कोण ते.
बसलेल्याला कशाला उठवता?"

रात्री बदललं.
पहिल्या ओळीत 'खडू, आवृत्ति २' असेल तर नवी रीत.
काहीच नसेल तर जुनी.
जी गप्प आहे तिला
तिच्या अर्धविरामांच्या चालीनं वाचायचं,
कपात दुसऱ्या ओळीवर असली तरी.

तुषार पिसाळ म्हणाला, म्हणजे दोन पार्सर सांभाळायचे?
हो.
किती वर्षं?
पसरणी घाटातून गाड्यांचे दिवे उतरत होते.
मी म्हटलं, त्या चाळीस लाल आधी संपवू.

सकाळी बदलांचं टिपण छापून थिट्यांना दिलं,
त्यांना पडद्यावर वाचवत नाही.
संध्याकाळी जिन्यात कागद, पेपरवेट म्हणून एक लिंबू.
लाल शाईनं एकच दुरुस्ती:
आवृत्ति खोडून आवृत्ती, दीर्घ,
बाजूला कंसात, 'नियम १९६२'.
ती ओळ आता कंपायलरनंही दीर्घच मागायची,
म्हणजे पुन्हा सगळ्या चाचण्या.

आणि तळाशी त्यांच्या हातचं, घाईतलं:
बाकी कांहीं नाहीं.