धीर नावाचा मळा

(डेमेरारा, ऑगस्ट १८३८ नंतर)

पहिल्या तारखेला घंटा वाजली नाही.
सवयीनं आम्ही उठलोच,
अंधारात आपापल्या दाराशी उभे राहिलो
आणि एकमेकांना बघून हसलो, जरा ओशाळून.

मळ्याचं नाव पेशन्स. म्हणजे धीर.
नाव ठेवणारा हॉलंडात मेला, गादीवर.

आठव्या दिवशी मॅनेजरचा निरोप आला:
खोली हवी तर ऊस तोडा, दर आम्ही ठरवू.
नको तर शनिवारच्या आत बाहेर,
आणि जाताना झाडांना हात लावायचा नाही.
मग त्यानंच माणसं धाडून नीरफणस पाडला.
दोन दिवस चीक गळत होता बुंध्यातून,
पोरं त्यात काड्या बुडवून खेळली.

तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: कुठे.

लंडन म्हणतो, शहरात.
(हे त्याचं नाव, लिलावात मिळालेलं.)
धक्क्यावर पोती उचलीन, रोजचे पैसे रोज,
आणि रात्री मी कुठे झोपलो
ते कुणाच्या वहीत नसेल.

म्हातारा क्वाव म्हणतो, नदीनं वर,
जिथं पाणी काळं असतं आणि कुणी विचारत नाही.
पाद्री येऊन सांगून गेला, खाल्ल्या मिठाला जागा.
क्वाव म्हणाला, मीठ फेडलंय साहेब,
घामातून, तोळ्यातोळ्यानं.

आणि माझा नवरा फोर्टेन,
जो इतकी वर्षं जेवताना बोलत नसे,
तो आता झोपेतही आकडे बोलतो.
किनाऱ्याला कापसाचा एक पडीक मळा आहे.
त्र्याऐंशी जणांनी मिळून घ्यायचा.
बांध फुटलाय, भरतीला समुद्र जमिनीहून उंच असतो.
मी म्हटलं, मग ती जमीन कसली?
तो म्हणाला, आपली.

नाणी निघाली कुठून कुठून.
चुलीखालून, लुगड्याच्या गाठीतून,
एकानं तर कोंबडीच्या खुराड्यातून काढली, शेणासकट.
रविवारी बाजारात विकलेलं एकेक रताळं होतं त्यात.
ढकलगाडीत ओतली तेव्हा आवाज झाला नाही फारसा.
काळी पडली होती, चिकट होती.

मी माझं गाठोडं सोडलं नाही.

तीन नाळा पुरल्यात मी इथं.
एक रसाच्या कढयांमागे, ते पोर महिनाभर जगलं.
एक त्या नीरफणसाखाली, तो मुलगा आता फोर्टेनबरोबर गाडी ढकलतो.
आणि एक पायरीखाली.
ती मिम्बाची.

सहा वर्षांची होती. धाकट्या बाईसाहेबांचं लग्न झालं,
चांदीचे चमचे, दोन घोडे आणि मिम्बा,
असं आंदण बर्बिसला गेलं.
चौदा वर्षं झाली.
आता तीही सुटली असेल, जिथं असेल तिथं,
तीही दाराशी उभी राहून म्हणाली असेल, कुठे.
तिला आईचं नाव नीट येत नसे, माझं हाक मारायचं नाव तेवढं यायचं.
पत्ता मात्र एक पाठ होता: पेशन्स.
ती आली आणि पायरीवर दुसरंच कुणी बसलेलं असलं तर?

फोर्टेन यावर काही बोलला नाही.
गाडीचं चाक काढून तो तेल घालत बसला,
घातलेल्या चाकाला पुन्हा घातलं.

पोटात पाचवा महिना आहे.
याची नाळ कुठं, हे मला आजही सांगता येत नाही.

शनिवारी पहाटे मी गाठोडं गाडीत रिकामं केलं.
मग डोरिंडाकडे गेले. ती राहणार आहे.
तिच्या गुडघ्यांनी तिच्यापुरतं ठरवून टाकलंय.
तिच्या कानाला तोंड लावून म्हटलं,
कुणी मुलगी आली, डाव्या भुवईवर व्रण असलेली,
तर तिला सांग: समुद्राकडे, पाच मैल,
फुटक्या बांधापासून उजवीकडे.

डोरिंडानं मान हलवली.
पाच मैल, ती म्हणाली, बांधापासून डावीकडे.

उजवीकडे, आई.

डावीकडे, ती म्हणाली.

रस्त्यावर गाडीचं चाक कुरकुरायला लागलं होतं.
मी पायरीवर बसले
आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.