शीग

लोहार चाळीतून आणलेला काटा,
साडेसहाशे रुपयांचा, ग्रॅमपर्यंत खरा
असं दुकानदार म्हणाला.
चारकोपच्या दोन खोल्यांत, ओट्यावर,
मिक्सर सरकवून त्याला जागा केली.

कालिंदीवहिनींची भाजणी आता शिवडीच्या कारखान्यात दळायची
आणि तिथल्या मुलीने फोनवर बजावलंय:
वाटी चालणार नाही, ग्रॅममध्ये द्या.
मी शाळेची प्रयोगशाळा सांभाळतो, म्हणून मला बोलावणं.

वाटी ठेवली. काटा म्हणाला एकसष्ट.
बटण दाबलं. शून्य.
वहिनी वाकून बघतात.
"वाटी तर इथेच आहे, मग शून्य कसं?"
म्हटलं, तिचं वजन धरायचं नसतं, विसरायचं असतं.
"बरंय," म्हणाल्या, "काट्याला जमतं."

मी वहीत एक आकडा घातला.
"एक नाही, लाभ लिही.
माझे वडील भाताचं पहिलं माप टाकताना
लाभ म्हणायचे, मग दोन, मग तीन.
मापटी, चिपटी, सगळी आता अडगळीत,
पण लाभ तेवढा राहू दे."
लाभ लिहिलं.

पातळ पोहे: चोवीस.
बेसन: पंच्याहत्तर,
वाटी आपटून बसवलं तर नव्वद.
तांदूळ: एकशे बावीस.
मीठ लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं;
खाडीवरची दमट हवा झाकणातून बरणीत शिरते
आणि मिठाच्या भावात विकली जाते.

मग सवयीने पाणी भरून पाहिलं.
दीडशेची वाटी, पाणी एकशे त्रेचाळीस.
सात कमी.
उलटी केली तेव्हा पोचा दिसला,
कुशीत, कोरलेल्या नावाला लागून,
'चि. सौ. कां. कालिंदी', पुढे तारीख,
वर्षाचा शेवटचा आकडा आत गेलेला.

"पडली होती?"
"हं. पडली."

पडलेलं भांडं काठाला चेपतं
एवढं मलाही कळतं.
मी वही बघत राहिलो.

त्याच म्हणाल्या थोड्या वेळाने,
"चाळीस वर्षं हिच्यानेच मोजतेय,
तांदूळ हिच्याने, डाळी हिच्याने, मोहनाचं तेलसुद्धा हिच्यानेच.
सगळ्यालाच सारखं कमी पडलं
की चकलीला कळत नाही."

खरं होतं. प्रमाणात पोचा दिसत नाही.
तो ग्रॅममध्ये दिसतो.

आता लिहायचं काय? एकशे बावीस
की धड वाटीचे एकशे अठ्ठावीस?
मी फूटपट्टीने तांदूळ सपाट करायला गेलो,
त्यांनी मनगट धरलं.
मुठीने वरून सोडत राहिल्या, हळू,
काठाच्या वर दाण्यांची टेकडी उभी राहिली,
दोन दाणे घरंगळले, तेही उचलून वर ठेवले.
"मी अशी भरते. हे लिही."

एकशे एकोणपन्नास.
पुढे लिहिलं: शिगेसह.

संध्याकाळी शिवडीचा फोन.
"सर, शीग म्हणजे काय? किती ग्रॅम धरू?"
मी वजाबाकी केली. सत्तावीस, म्हणालो,
आणि लगेच वाटलं, घाई झाली.
वहिनींकडे पाहिलं.
"आजची सत्तावीस," त्या म्हणाल्या,
"तिला सांग, दिवाळीला जरा जास्त."

आणि वाटी घासून, पुसून
फळीवर पालथी ठेवली,
पोचा भिंतीकडे.